दगडी घरात राहणाऱ्यांचा तंबू

पत्रावर पत्ता लिहिताना आपण 'मु. पो.' ही अक्षरे घालतो. मुक्काम आणि पोस्ट. मुक्काम म्हणजे खरे तर प्रवासातला थांबा. रात्रीपुरते उतरायचे, सकाळी पुन्हा वाट धरायची. पण ज्याला आपण पत्र लिहितो त्याचे घर चिरेबंदी असते आणि त्या घरात त्याच्या तीन-चार पिढ्या नांदलेल्या असतात. तरीही त्या घराला 'मुक्काम' म्हणण्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. आता कल्पना करा, दोन हजार वर्षांनी एखाद्या संशोधकाला आपली फक्त पत्रेच सापडली. त्यावरून 'हे लोक कायम प्रवासात असत' असे अनुमान त्याने काढले, तर ते बरोबर ठरेल का?

हिब्रू धर्मग्रंथ वाचताना इतिहासकारांपुढे असाच पेच उभा राहतो. हिब्रू धर्मग्रंथ म्हणजे ज्यू धर्मीयांचा 'तनाख'. ख्रिस्ती लोक त्यालाच 'जुना करार' म्हणतात. यातील बहुतेक भाग इ.स.पू. पहिल्या सहस्रकात रचला व संकलित केला गेला. तंबूसाठीचा मुख्य हिब्रू शब्द 'ओहेल' त्यात तीनशेहून अधिक वेळा येतो. अब्राहाम तंबूत राहतो, याकोब तंबूत राहतो, आणि खुद्द परमेश्वराचे वस्तीस्थानही एक तंबूच असते. पण हे सारे लिहिणारे लोक कोण होते? यरुशलेमसारख्या शहरात, दगडाच्या आणि मातीच्या विटांच्या घरांत राहणारे लेखनिक, पुरोहित आणि संदेष्टे. घरात बसून ते तंबूविषयी इतके का बोलत होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला भाषा, भूगोल आणि पुरातत्त्व या तिघांचीही मदत घ्यावी लागेल. शिवाय वर्गात आपण सहज म्हणून टाकतो ते एक वाक्यही तपासून पाहावे लागेल. ते वाक्य असे: माणूस आधी भटका होता, मग तो स्थिर झाला.

शब्दांच्या पोटात काय आहे?

हिब्रू, अरबी आणि प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कादी या सेमिटिक कुळातील बहिणी-बहिणी. हिब्रू 'ओहेल' म्हणजे तंबू. याच मुळाशी अभ्यासक अरबीतील 'अहल' या शब्दाचे नाते जोडतात. त्याचा अर्थ कुटुंब किंवा आपली माणसे. अक्कादीतील 'आलु' हाही त्यांचा नातलग मानला जातो, पण त्याचा अर्थ गाव किंवा शहर! एकच मूळ एका भाषेत कापडाखालचे घर दाखवते, दुसरीत घरातली माणसे आणि तिसरीत अख्खे शहर. कापड आणि दगड यांपेक्षा 'आपली माणसे एकत्र राहतात ती जागा' हा अर्थ या मुळाच्या गाभ्याशी असावा, असे यावरून वाटते.

दुसरा शब्द 'मिश्कान'. वाळवंटातील प्रवासात इस्राएल लोकांनी परमेश्वरासाठी जो पवित्र तंबू उभारला, त्याचे हे नाव. मराठी बायबलमध्ये त्याला 'निवासमंडप' म्हटले आहे. 'श-क-न' म्हणजे वस्ती करणे, या धातूपासून तो बनला. अरबीत याच धातूचे रूप 'स-क-न' असे होते आणि त्यापासून 'साकिन' म्हणजे रहिवासी हा शब्द तयार होतो. जुनी मराठी कागदपत्रे पाहिलेल्यांना हा शब्द परका वाटणार नाही. 'साकीन मौजे अमुक' असे लिहिल्यावाचून आपला एकही महजर पुरा होत नसे.

तिसरा शब्द क्रियापद आहे. प्रवासाला निघणे या अर्थी हिब्रूत 'नासा' हे क्रियापद येते. त्याचा मूळ अर्थ उपटणे, म्हणजे तंबूच्या खुंट्या जमिनीतून उपटून काढणे. शहरातला माणूस शहरातून निघाला तरी हिब्रू भाषा त्याच्या खुंट्या उपटतेच. आपणही घर बदलताना 'बिऱ्हाड हलवले' म्हणतो, तसेच हे.

तंबू तयार कसा होतो?

पश्चिम आशियातील पशुपालकांचा तंबू शेळीच्या काळ्या केसांचा असतो. केसांचे सूत कातून जमिनीवर पसरलेल्या मागावर त्याच्या लांब, अरुंद पट्ट्या विणतात आणि त्या शेजारी शेजारी ठेवून शिवतात. खांब, दोर आणि खुंट्या यांच्या ताणावर हे छत उभे राहते.

या कापडाची करामत त्याच्या विणीत आहे. ऐन उन्हात वीण सैल राहते, त्यामुळे आतली तापलेली हवा बारीक छिद्रांतून बाहेर पडते आणि खाली दाट सावली मिळते. पाऊस आला की तंतू भिजून फुगतात आणि छिद्रे बुजू लागतात. केसांतील नैसर्गिक तेलामुळेही पाणी ओघळून जाते. उन्हाने आणि वाऱ्याने एखादी पट्टी विरली, तर तेवढी उसवून नवी जोडता येते. कुटुंब वाढले की आणखी एक पट्टी शिवायची, दोर लांब करायचे आणि खुंट्या थोड्या पुढे ठोकायच्या. दगडी घराला खोली वाढवायची तर पाया खणावा लागतो. इथे सुई-दोऱ्यावर काम भागते.

निर्गम या पुस्तकात पवित्र तंबूचे जे वर्णन आहे, त्यात शेळीच्या केसांचे अकरा पडदे सांगितले आहेत. प्रत्येक पडदा ३० हात लांब आणि ४ हात रुंद. हिब्रू 'अम्मा' हे माप म्हणजे आपला 'हात'च, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तो सुमारे ४५ सेंटिमीटर धरला, तर एक पडदा साडेतेरा मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद होतो. पाच पडद्यांचा एक आणि सहांचा दुसरा असे दोन भाग करून, पन्नास फासे आणि पितळी आकडे लावून ते जोडायचे. हे केस स्त्रियांनी कातले, असेही ग्रंथ नोंदवतो. तंबूच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा होता. याकोबाच्या गोष्टीत लेआ आणि राहेल यांचे तंबू वेगवेगळे आहेत. शास्ते या पुस्तकात याएल नावाची स्त्री शत्रूच्या सेनापतीला मारते ती हातोडा आणि तंबूची खुंटी घेऊन. ही रोजच्या सवयीची हत्यारे होती.

पण याच वर्णनात पुढे सोन्याने मढवलेल्या बाभळीच्या लाकडाच्या ४८ फळ्या येतात, त्याही दहा-दहा हात उंचीच्या. इतके ओझे घेऊन वाळवंटात फिरणार कोण? शिवाय एक आकडेमोड करून पाहा. या वर्णनावरून पवित्र तंबूची लांबी ३० हात आणि रुंदी १० हात येते. शलमोन राजाने यरुशलेमात बांधलेल्या मंदिराची लांबी ६० आणि रुंदी २० हात दिलेली आहे, म्हणजे बरोबर दुप्पट. यावरून अनेक अभ्यासक म्हणतात की हे वर्णन मंदिराचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवून, इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकाच्या सुमारास लिहिले गेले असावे. दुसरे काही जण इजिप्तकडे बोट दाखवतात. इ.स.पू. १२७४ च्या कादेशच्या लढाईची शिल्पे दुसऱ्या रामसेसने कोरवून घेतली. त्यांत राजाचा जो लष्करी तंबू दिसतो, त्याची मांडणी या पवित्र तंबूशी जुळते. म्हणजे जुनी आठवण आणि नंतरची कल्पना या वर्णनात एकत्र शिवल्या गेल्या असाव्यात. तंबूच्या पट्ट्यांसारख्याच!

आधी शहर, मग तंबू

आता 'आधी भटका, मग स्थिर' या वाक्याकडे वळू.

उत्पत्ती या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात माणसाच्या उद्योगांची एक वंशावळ आहे. आदामाचा मुलगा काइन. तो एक नगर वसवतो. त्याच्यानंतर काही पिढ्यांनी याबाल जन्मतो आणि तो तंबूत राहून गुरे पाळणाऱ्यांचा मूळपुरुष ठरतो. त्याचा एक भाऊ वाद्ये वाजवणाऱ्यांचा, तर सावत्र भाऊ तुबल-काइन धातूकाम करणाऱ्यांचा आद्य. क्रम लक्षात घ्या. आधी नगर, मग तंबू! आपल्या शिडीच्या अगदी उलट.

ही काही इतिहासाची नोंद नव्हे, ती एक पुराणकथा आहे. परंतु पुरातत्त्वाचा पुरावाही आपल्या सरळ शिडीच्या बाजूने नाही. आजच्या इस्राएलमधील ऐन मल्लाहा येथे इ.स.पू. सुमारे १२,००० मध्ये लोक दगडी पायाच्या गोल झोपड्यांत राहत होते. ते शेतकरी नव्हते, शिकार करून आणि रानटी धान्य वेचून जगत होते. म्हणजे शेती येण्यापूर्वीच काही माणसे स्थिर झाली होती. शेळी माणसाळल्याचे सुरुवातीचे स्पष्ट पुरावे इराणमधील झाग्रोस पर्वतातून इ.स.पू. ८००० च्या आसपास मिळतात. कळप घेऊन दूरवर फिरणे, शेळीच्या केसांचे कापड विणणे आणि त्याचा तंबू करणे हे त्याच्याही पुढचे. धान्य, भांडी आणि धातूची अवजारे यांसाठी तंबूवाल्याला गाव लागते. लोकर, दूध, मांस आणि खत यांसाठी गावाला तंबूवाला लागतो. गाव नसते तर असा तंबूही उभा राहिला नसता.

मग काहींनी तंबू का निवडला? उत्तर नकाशात आहे. यरुशलेमला वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम २५ किलोमीटरवर मृत समुद्राचा काठ लागतो आणि तिथे पाऊस १०० मिलिमीटरच्याही आत येतो. भूमध्य समुद्रावरून येणारे ढग डोंगरावर रिते होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते. सह्याद्री ओलांडून देशावर उतरताना आपण हेच पाहतो. वर्षाला २००-२५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल, तर केवळ पावसाच्या भरवशावर गहू-जव पिकवणे धोक्याचे. तिथे हलते घर आणि हलते धन, म्हणजे तंबू आणि शेळ्या-मेंढ्या, हाच शहाणपणाचा मार्ग. चार पावसाळे बरे गेले की गावाकडे सरकायचे, दुष्काळ पडला की पुन्हा कळप घेऊन बाहेर पडायचे.

याचा लेखी पुरावाही आहे. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी मारी या प्राचीन नगराचे उत्खनन १९३३ मध्ये सुरू झाले आणि राजवाड्यात वीस हजारांहून अधिक मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांतील बऱ्याचशा इ.स.पू. अठराव्या शतकातील आहेत. त्यांतून दिसते की एकाच टोळीतील काही माणसे गावात नांगर धरत आणि काही कळपाबरोबर फिरत. शेतकरी आणि पशुपालक ही दोन वेगळ्या युगांतली माणसे नव्हती, अनेकदा ती भाऊ-भाऊ होती. आणखी एक गंमत पाहा. बलाढ्य अ‍ॅसिरियन साम्राज्याने आपल्या राजांची जी यादी जपली, तिची सुरुवात तंबूत राहणाऱ्या १७ राजांपासून होते. साम्राज्याला त्या पूर्वजांची लाज वाटत नव्हती.

दगडात न सापडणारी माणसे

पुरातत्त्व मुख्यतः टिकणाऱ्या वस्तूंवर चालते. भिंत टिकते, खापर टिकते. तंबू मात्र उठला की मागे काय राहते? चुलीची राख, कापड दाबून ठेवलेल्या दगडांची ओळ, जनावरांच्या लेंड्यांचा थर. बहुतेक ठिकाणी तेवढेही नाही. मग अशा माणसांचा इतिहास लिहायचा कसा?

कधी कधी दुसऱ्यांच्या लेखनातून सुगावा लागतो. १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमधील थीब्ज येथे मेर्नेप्ताह या फारोचा एक शिलालेख मिळाला. तो इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा आहे. कनान देशात हरवलेल्यांच्या यादीत अश्कलोन, गेझेर, यनोआम ही नावे येतात आणि त्यांच्यापाठोपाठ इस्राएल. धर्मग्रंथांबाहेर इस्राएल या नावाचा सर्वमान्य असा हा सर्वांत जुना उल्लेख. इजिप्शियन चित्रलिपीत नावापुढे ते कशाचे नाव आहे हे दाखवणारे चिन्ह काढीत. पहिल्या तिन्ही नावांपुढे प्रदेश दर्शवणारे चिन्ह आहे. इस्राएलपुढे मात्र एक पुरुष, एक स्त्री आणि अनेकवचनाच्या तीन रेघा आहेत. लेखनिकाच्या लेखी इस्राएल हे ठिकाण नव्हते, तो एक लोकसमूह होता.

हा समूह तंबूत राहत होता का? इथे विद्वानांचे एकमत नाही. इ.स.पू. १२०० नंतर कनानच्या मधल्या डोंगराळ भागात शेकडो छोटी खेडी उभी राहिली. इझ्रायल फिंकेलस्टाइन यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात दाखवले की त्यांतील काही सुरुवातीच्या वस्त्यांत मोकळ्या अंगणाभोवती खोल्यांचे लंबगोल कडे होते. तळ ठोकताना तंबू गोलाकार लावतात, तसेच. तंबूवाल्यांनी घरे बांधली ती तंबूच्याच आराखड्यावर, असा त्यांचा तर्क. विल्यम डेव्हर यांच्यासारख्या अभ्यासकांना हे पटत नाही. ते म्हणतात, या खेड्यांतील भांडी आणि शेतीची पद्धत पाहता हे लोक मुळात कनानमधील शेतकरीच असावेत.

तंबू क्वचित सापडतोही. इस्राएलच्या दक्षिण टोकाला तिम्ना नावाची तांब्याच्या खाणींची दरी आहे. तिथे बेनो रॉथेनबर्ग यांनी १९६९ मध्ये इजिप्तच्या हाथोर देवीचे एक छोटे देवालय खणले. इजिप्शियन लोक निघून गेल्यावर स्थानिक लोकांनी ते आपल्या पद्धतीने वापरले होते. त्या शेवटच्या थरात लाल-पिवळ्या लोकरी कापडाचे ढीग मिळाले आणि खांब रोवण्याचे खळगेही. रॉथेनबर्ग यांनी अनुमान काढले की देवालयावर तंबूचे छत होते. तिथेच सोन्याच्या मुलाम्याचे डोके असलेला तांब्याचा एक सापही मिळाला. काळ इ.स.पू. बारावे शतक. हा इस्राएल लोकांचा पवित्र तंबू नव्हे, पण त्या काळी त्या वाळवंटात देवासाठी तंबू उभारण्याची रीत होती, असे म्हणायला यामुळे आधार मिळतो.

याच तिम्नात पुढे एरेझ बेन-योसेफ यांनी नव्याने काम केले. कार्बन-१४ चाचणीवरून दिसले की इ.स.पू. दहाव्या शतकात इथे तांबे गाळण्याचा मोठा आणि शिस्तबद्ध उद्योग होता. त्या काळातले, जांभळ्या रंगाने रंगवलेले उंची कापडही मिळाले. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण कामगारांची किंवा अधिकाऱ्यांची मोठी दगडी गावे मात्र त्या दरीत नाहीत. २०१९ मध्ये बेन-योसेफ यांनी म्हटले की भिंती दिसल्या तरच राज्य होते असे मानण्याची सवय पुरातत्त्वाला जडली आहे. तंबूत राहणारे लोकही संघटित राज्य चालवू शकतात. फिंकेलस्टाइन यांनी २०२० मध्ये त्याला सविस्तर विरोध केला. 'पुरावा दिसत नाही म्हणजे काहीही असू शकते' असे धरले, तर इतिहासाला लगामच उरणार नाही, अशी भीती अशा मांडणीबद्दल वाटणे स्वाभाविक आहे. हा वाद मिटलेला नाही. पण प्रश्न मोलाचा आहे. जे टिकले नाही ते नव्हतेच, असे आपण किती सहज धरून चालतो!

घरात बसून तंबूची आठवण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरांत राहणाऱ्या लेखकांना तंबू कशासाठी हवा होता?

शलमोनाच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ९३० च्या सुमारास, उत्तरेकडील लोकांनी त्याचा मुलगा रहबाम याच्याविरुद्ध बंड केले. तेव्हाची त्यांची घोषणा ग्रंथात दिली आहे. इस्राएलाने आपापल्या तंबूकडे परतावे, असा तिचा आशय. घोषणा देणारे लोक शेतकरी होते आणि त्यांची घरे पक्की होती. 'तंबूकडे' याचा अर्थ 'घराकडे' एवढाच. आपल्या 'मु. पो.'सारखाच. पण बंडाच्या क्षणी हा शब्द आला, यात थोडी जरबही आहे. राजाच्या महालाशी आमचे नाते जन्मजात नाही, त्याच्या आधीही आम्ही होतो, असे तो शब्द सुचवतो.

दुसरा प्रसंग शेतकऱ्याचा. अनुवाद या पुस्तकातील नियमानुसार शेतकऱ्याने पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवायची आणि म्हणायचे की माझा पूर्वज भटकणारा अरामी होता. हातात स्वतःच्या शेतातले धान्य आणि तोंडी भटक्या पूर्वजाचे नाव! ही जमीन सदाकाळ आपली नव्हती, याची दर हंगामाला उजळणी.

तिसरा, सुक्कोथ हा सण, म्हणजे मांडवांचा सण. शरदात पीक हाती आल्यावर सात दिवस फांद्या-पाल्याच्या मांडवात राहायचे. लेवीय हे पुस्तक याचे कारण देते, की इजिप्तमधून बाहेर पडल्यावर पूर्वज असेच राहिले होते. पण विद्यार्थ्यांना विचारून पाहा, वाळवंटात इतक्या हिरव्या फांद्या आणायच्या कुठून? यशया या ग्रंथात काकडीच्या मळ्यातील राखणीच्या खोपटाचा उल्लेख आहे. सुगीच्या दिवसांत शेतकरी अशा खोपटात मुक्काम करतो. मूळ सण सुगीचा असावा आणि त्यावर प्रवासाची आठवण नंतर चढवली गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. कोठार भरलेले असते नेमके त्याच आठवड्यात घराबाहेर, गळक्या छपराखाली झोपायचे, हा त्यातला खरा मुद्दा. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजालाही हा सण परका नाही. मुंबईत सिनेगॉगच्या आवारात असा मांडव घातला जातो.

चौथा प्रसंग दावीद राजाचा. तो देवदाराच्या लाकडाच्या महालात राहू लागला आणि त्याला खंत वाटली, की परमेश्वराचा कोश अजून तंबूतच आहे. त्याने मंदिर बांधायचे ठरवले. नाथान संदेष्ट्याकरवी उत्तर आले ते असे, की परमेश्वर आजवर तंबूतूनच लोकांबरोबर फिरला, त्याने कधी कोणाकडे घर मागितले नाही; दावीदाने त्याच्यासाठी घर बांधण्याऐवजी तोच दावीदाचे घर बांधील. यात 'बायित' या शब्दावर श्लेष आहे. त्याचे दोन्ही अर्थ होतात, घर आणि घराणे. मराठीत हा श्लेष आपोआप उमगतो. या कथेचे म्हणणे असे, की राजा देवाला आपल्या राजधानीत कोंडू शकत नाही.

मग हे ग्रंथ 'घरे सोडा, तंबूत चला' असे सांगतात का? १८९५ मध्ये कार्ल बुड्डे या जर्मन विद्वानाने जवळपास असेच मांडले होते, की संदेष्ट्यांपुढे भटक्या जीवनाचा आदर्श होता. त्याचा मुख्य आधार होता रेखाबी लोकांचा. यिर्मयाच्या काळात हे घराणे तंबूत राहत असे. ते घर बांधीत नसत, पेरणी करीत नसत, द्राक्षमळा लावीत नसत आणि मद्याला शिवत नसत. यिर्मयाने मंदिराच्या एका खोलीत नेऊन त्यांच्यापुढे द्राक्षारस ठेवला आणि त्यांनी तो नाकारला. परंतु यिर्मया त्यांची वाखाणणी करतो ती पूर्वजाला दिलेला शब्द पाळल्याबद्दल, तंबूबद्दल नव्हे. हाच यिर्मया बाबिलोनला नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहून सांगतो की तिथे घरे बांधा, बागा लावा. शेमार्याहू तल्मोन यांनी १९६६ मध्ये बुड्डे यांच्या मताची बारकाईने तपासणी केली आणि दाखवले की या ग्रंथांत वाळवंट हे मुक्कामाचे ठिकाण नाही. तो वाटेतला टप्पा आहे, आणि बऱ्याचदा कष्टाचा आणि भीतीचा.

तेव्हा तंबू हा या ग्रंथांचा आदर्श नाही. तो एक मापदंड आहे. घरात राहणाऱ्याने आपले घर ज्याच्याशी ताडून पाहावे असा. महाल बांधणाऱ्या राजाला, कोठार भरलेल्या शेतकऱ्याला, मंदिराचा गर्व झालेल्या पुरोहिताला तो विचारतो, की हे सारे कधीपासून तुमचे आहे?

आणि घर गमावलेल्यांना तोच धीरही देतो. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम जाळले. त्यानंतरच्या काळातील यशया ग्रंथाच्या भागात त्या उजाड नगरीला निपुत्रिक स्त्रीच्या रूपात हाक मारून सांगितले आहे, की तुझ्या तंबूची जागा वाढव, दोर लांब कर आणि खुंट्या घट्ट रोव. शहर दगडाचे होते, पण त्याच्या पुनर्वसनाची भाषा तंबूची आहे. कारण दगडी भिंत पडली की ढिगारा होतो. तंबू मात्र उपटला तरी पुन्हा उभारता येतो, आणि वाढवताही येतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

या विषयावर तीन छोटे उपक्रम सुचतात. पहिला, मुक्काम, तळ, बिऱ्हाड, डेरा, राहुटी, पाल अशा शब्दांची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी आणि त्यांचे मूळचे व आजचे अर्थ शोधायला सांगावेत. दुसरा, घोंगडीच्या तुकड्यावर आणि सुती कापडावर पाण्याचे थेंब टाकून, किती वेळात ते जिरतात हे पाहावे आणि कारण शोधावे. तिसरा, जत्रा किंवा आठवडी बाजार उठल्यावर त्या मैदानावर काय काय उरते याची नोंद त्याच दिवशी, महिन्याने आणि एका पावसाळ्यानंतर घ्यावी. तंबूचा इतिहास लिहिणे इतके अवघड का, हे मुलांना त्यातून चांगले कळेल.

आणि एक विनंती. आपल्या अनेक शाळांच्या पटावर पालात राहणाऱ्या कुटुंबांतली मुले असतात. 'माणूस आधी भटका होता, मग प्रगती होऊन स्थिर झाला' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो तेव्हा, आपले आईवडील त्या शिडीच्या खालच्या पायरीवर राहून गेले, एवढेच त्या मुलाला ऐकू येते. वर पाहिले त्याप्रमाणे ते वाक्य पुराव्याला धरून नाही. तंबू ही घराच्या आधीची पायरी नाही. कमी पावसाच्या आणि बदलत्या परिस्थितीच्या प्रदेशात माणसाने शोधून काढलेले ते एक उत्तर आहे, घराच्या शेजारीच उभे असलेले. तेव्हा त्या वाक्याऐवजी असे लिहू या: काही माणसे स्थिर राहिली, काही फिरत राहिली आणि दोघांचे एकमेकांवाचून चालले नाही.